विनोदाची नाममुद्रा : स्त्रीच्या एकपात्री हास्यवाणीचा विचार

१

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन करताना दोन भेद सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते तेव्हा ते हास्य आत्मस्थ होय. दुसऱ्यास हसविते तेव्हा ते परस्थ होय. त्याच विवेचनात असेही म्हटले आहे की, हा रस विशेषेकरून स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी आढळतो. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हास्याचे स्थान म्हणून शास्त्राने स्त्रीचा निर्देश केला खरा. परंतु हसविणे हेच ज्याचे नियत कार्य, त्या विदूषकाची जागा संस्कृत नाटकात पुरुषाकडेच राहिली. स्त्री हसते, तिला हसले जाते; तिने हसविले तरी त्या हसविण्याचे कर्तृत्व सहसा तिच्या नावावर जमा होत नाही.

हा जुना प्रश्न अलीकडे नव्या रूपात पुढे आला आहे. ‘स्टँडअप कॉमेडी’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतात रुजला. मुंबईत २०१० मध्ये ‘द कॉमेडी स्टोअर’ हे त्यास वाहिलेले रंगस्थान उघडले. मराठीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ने त्यास तरुण प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. नेपथ्य, वेष, कथानक, सहपात्रे यांपैकी कशाचाही आधार या प्रकारात बहुधा घेतला जात नाही. एक व्यक्ती स्वतःच्या नावाने, नेहमीच्या कपड्यांत, ध्वनिक्षेपक हाती धरून उभी राहते आणि बहुतांशी स्वतःविषयीच बोलते. स्त्री तेथे उभी राहिली म्हणजे परस्थ हास्याचा अधिकार ती उघडपणे मागत असते. मग तिला विचारले जाते की, तिचा अस्सल आवाज कोणता? पुरुष विनोदकारास हा प्रश्न इतक्या आग्रहाने विचारला जात नाही, हेही येथे नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, अस्सल म्हणजे प्रांजळ. मनात आहे ते आडपडदा न ठेवता सांगणे. हे उत्तर अपुरे आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. मराठी परंपरेत अस्सलपणा ओळखण्याची एक खूण फार पूर्वीपासून प्रचलित आहे. ती म्हणजे नाममुद्रा. रचनेच्या अखेरीस कवी आपले नाव घालतो आणि आतापर्यंतचे बोलणे कोणाचे होते, त्याचा भार कोणावर आहे, हे सांगून टाकतो. स्त्रीच्या तोंडचा विनोद मराठीत विपुल आहे. त्याच्या शेवटी नाव कोणाचे येते, हे पाहिले असता तिच्या स्वतंत्र आवाजाचा प्रश्न नेमका कोठे अडतो हे स्पष्ट होते.

हा विचार महानगरातील रंगमंचापुरता ठेवण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून सुमारे साठ किलोमीटरांवरचे कन्नड हे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवले तर तो अधिक नेमका होतो. याच जिल्ह्यात गोदाकाठी पैठण आहे आणि भारुडांचा सर्वांत मोठा कर्ता त्या गावचा. कन्नडचा औट्रम घाट उतरला की चाळीसगाव लागते आणि खानदेश सुरू होतो. त्यामुळे मराठवाडी बोली आणि अहिराणी यांचा शेजार येथे नित्याचा आहे. अशा गावातील एखाद्या विद्यार्थिनीने उद्या ध्वनिक्षेपकासमोर उभे राहावयाचे ठरविले, तर तिच्यामागे कोणती परंपरा उभी असेल आणि त्या परंपरेतील कोणता भाग तिच्या उपयोगी पडेल, हे पाहावयाचे आहे.

२

एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत स्त्रीपात्रांची वाणी ठळकपणे ऐकू येते. भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलणारी सून सासरा, सासू, जाऊ, नणंद अशा एकेकाच्या निवारणाची मागणी करीत अखेर नवऱ्यापर्यंत येऊन ठेपते. दुसऱ्या एका भारुडात दारिद्र्याने गांजलेली स्त्री आपल्या संसाराची दुर्दशा सांगत असा दादलाच नको, असे बजावते. अध्यात्मदृष्ट्या ही सारी नाती म्हणजे जीवाला चिकटलेले विकार आणि त्यांतून सुटका मागणारी सून म्हणजे मुमुक्षू जीव. परंतु हा रूपकार्थ ध्यानी येण्याआधीच श्रोता हसलेला असतो. त्याला हसू येते ते वेदान्तामुळे नव्हे. सुनेने जे मनातही आणू नये ते ती देवीसमोर, नवसाच्या पवित्र भाषेत, यादी केल्याप्रमाणे सांगते, यामुळे येते. स्त्रीजीवनातील कोंडीचे इतके अचूक निरीक्षण त्या काळातील मराठीत अन्यत्र सहसा सापडत नाही.

तथापि, दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की, सोंगी भारुडातील ही सून शतकानुशतके लुगडे नेसलेल्या पुरुषानेच उभी केली. याच जिल्ह्यातील निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी ‘बुरगुंडा’च्या भारुडाने गावोगावचे श्रोते जिंकले, ती कला अस्सल होती यात शंका नाही, परंतु तीही या प्रघाताचाच भाग होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भारुडाच्या अंती एकनाथांची मुद्रा येते आणि इतका वेळ सुनेचे वाटलेले बोलणे संताच्या स्वाधीन होते. सुनेची तक्रार जितकी धीट, तितकीच ती त्या मुद्रेमुळे सुरक्षित ठरते. कारण ती कोणा खऱ्या सुनेची नव्हती. गावातील कोणत्याही घरात त्या रात्री भांडण होत नाही.

पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांच्यासारख्या स्त्रीने भारूड आपलेसे केले तेव्हा या व्यवहारात सूक्ष्म पण मूलगामी बदल झाला. शब्द तेच, मुद्राही तीच. परंतु सासूविषयीचे गाऱ्हाणे आता अशा कंठातून येते की, ज्याला सासुरवास ही ऐकीव गोष्ट नव्हे. पुरुषाच्या सोंगात हास्याचा एक भाग सोंगावरच खर्च होतो; मिशी लपविण्याची धडपड, पदर सावरण्याची नक्कल, यांना प्रेक्षक हसतो. स्त्रीने तेच भारूड सादर केले की तो भाग गळून पडतो आणि हास्य आशयाकडे वळते. श्रोतृवर्गातील स्त्रियांचे हसूही निराळे होते; त्यात ओळख पटल्याची खूण असते. संहिता न बदलता केवळ वक्त्याचे स्थान बदलल्याने विनोदाचा अर्थ बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

स्वतःची मुद्रा असलेली स्त्रीवाणीही या भूमीस अपरिचित नाही. मराठवाड्यातील गंगाखेडची जनाबाई आपल्या अभंगांवर स्वतःच्या नावाची मुद्रा उमटविते. पदराची तमा न बाळगता भर पेठेत उभे राहण्याचा जो निर्धार तिच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात व्यक्त झाला आहे, तो भक्तीचा आहे, विनोदाचा नव्हे. पण लोकलज्जेचा धाक झुगारून, गर्दीच्या मध्यभागी, स्वतःच्या नावाने बोलणारी स्त्री ही प्रतिमा मराठी मनाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

३

भारुडात स्त्रीचा विनोद होता, पण बोलणारा पुरुष होता. याच्या उलट बाजूस स्त्रियांनी स्त्रियांसाठी जोपासलेला एक मोठा हास्यसंभार आहे आणि त्याला पुरुष श्रोता नाही. मंगळागौरीच्या रात्रीचे खेळ, त्यांतील सासू-सुनांची आणि विहिणींची लटकी भांडणे. हादग्याची आणि भोंडल्याची गाणी. खानदेश-वऱ्हाडातील भुलाबाईची गाणी. फुगडी आणि झिम्मा यांच्या तालावर काढलेल्या कुरापती. या सर्वांत सासरची यथेच्छ टिंगल आहे. जात्यावरच्या ओव्यांत तर हास्य आणि दुःख एकाच दळणात मिसळलेले दिसतात. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांचा विस्तार पाहिला म्हणजे मराठी स्त्रीला विनोदाची दृष्टी नव्हती, हे म्हणणे किती निराधार आहे ते कळून येते.

या हास्याचे मर्म त्याच्या श्रोतृसंबंधात आहे. ओवी बहुधा कोणाला तरी उद्देशून असते : बाई, सखी, आई, जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावून बसलेली शेजारीण. सांगणारी आणि ऐकणारी एकाच परिस्थितीत असल्यामुळे परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. अर्धे वाक्य पुरते. उरलेले अर्धे ऐकणारीच्या अनुभवात असते. या हास्यात सांगणारी स्वतःला वगळीत नाही, पण स्वतःला तुच्छही लेखीत नाही. हसण्याचा विषय तिचे हीनत्व हा नसून दोघींना एकत्र बांधणारा जाच हा असतो. परंतु ओवीला नाममुद्रा क्वचितच असते. ती सर्वांची, म्हणून कोणा एकीची नाही. पहाटे जाते थांबले की विनोदही थांबतो आणि ओसरीवर त्याचा मागमूस राहत नाही.

स्त्रीने पुरुषांच्या देखत चातुर्याने बोलावे, अशी एक जागा मात्र समाजाने मान्य केली होती, ती उखाण्याची. लग्नमांडवात, वडीलधाऱ्यांसमोर, नवी सून यमकाचा खेळ करते आणि मंडळी दाद देतात. लांबलचक उखाण्याने सभा ताटकळत ठेवणे, शेवटच्या क्षणी हुलकावणी देणे, ऐनवेळी नवे यमक जुळविणे, ही सारी विनोदकाराचीच हत्यारे होत. पण तेथेही अखेरीस जे नाव यावयाचे ते नवऱ्याचे. उखाण्याची सारी गंमत त्या नावाकडे जाण्यात आहे; ते न घेता ती खाली बसली तर उखाणा झालाच नाही. भारूड संताच्या नावाने संपते, ओवी नावावाचून संपते, उखाणा नवऱ्याच्या नावाने संपतो. मराठी स्त्रीच्या हास्यवाणीचा इतिहास या तीन समाप्तींत बराचसा सामावला आहे.

४

रंगभूमीने या इतिहासात काय भर घातली? तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर मावशी असते. खरा विनोद तिच्याकडे असतो, आणि मावशीचे काम प्रथेने पुरुषच करीत आला. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडात पवळा आली. पुढे विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी स्वतःच्या नावाचा फड चालविला. कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांनी पुरुषभूमिकाही गाजविल्या. फडाच्या फलकावर स्त्रीचे नाव आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही बतावणीतील आणि वगातील सोंगाड्याची जागा प्रायः पुरुषाकडेच राहिली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून लोकनाट्याला शहरी प्रेक्षक मिळवून दिला, तोही दादा कोंडके यांच्या हजरजबाबी सोंगाड्याच्या बळावर. नाचणारीचे रूप, गाणारीचा गळा आणि सोंगाड्याची जीभ, ही श्रमविभागणी मोडली नाही.

मराठवाड्याने मराठी रंगभूमीला दिलेला सर्वांत लोकप्रिय एकपात्री प्रयोग म्हणजे लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. १९७९ मध्ये आरंभ झालेल्या या प्रयोगात खेड्यातील वऱ्हाड लग्नासाठी लंडनला निघते आणि एकच नट बावन्न पात्रे उभी करतो. यात बायकाही आहेत, त्यांचे हेल आहेत, रुसवे आहेत. या प्रयोगाचे ऋण दुहेरी आहे. मराठवाडी बोली एकट्याने, निव्वळ शब्दांच्या जोरावर, कोणत्याही शहरातील सभागृह ताब्यात घेऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. त्याचबरोबर त्या बोलीतील स्त्रीचा स्वर कसा असतो याचा एक नमुनाही त्याने प्रेक्षकांच्या कानात घोळत ठेवला, आणि तो नमुना पुरुषाच्या गळ्यातला होता. कन्नडची एखादी मुलगी आज त्याच बोलीत बोलू लागली तर प्रेक्षकाला ती नक्कल वाटण्याचा संभव आहे; मूळ कोणते आणि प्रतिकृती कोणती, हा क्रमच उलटा होतो.

दूरचित्रवाणीने परिस्थिती काही अंशी पालटली. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४ पासून) मध्ये श्रेया बुगडे, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८ पासून) मध्ये विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात आदी अभिनेत्रींनी हसविण्याचे काम सहनटांच्या बरोबरीने केले. परंतु ही प्रहसने आहेत. तेथे अभिनेत्री भूमिकेच्या आड असते. शिवाय त्याच मंचावर लुगडे नेसलेला नट हा हमखास हशाचा विषय म्हणून अजून टिकून आहे. भूमिका काढून ठेवल्यावर जो आवाज उरतो त्याचा विचार येथे अद्याप व्हावयाचा आहे.

५

त्या आवाजाचा आदर्श रंगभूमीपेक्षा मराठी गद्यात अधिक स्पष्टपणे सापडतो. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठी विनोदाचा इतिहास सांगताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी या क्रमाने जाण्याची रीत आहे. ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राच्या दालनात ठेवली जातात. वास्तविक स्त्रीच्या प्रथमपुरुषी विनोदाचा पाया या ग्रंथाने घातला आहे.

त्यांच्या वाट्याला आलेले प्रसंग हसण्याजोगे नव्हेत. १८५७ च्या बंडात आजोबांना झालेली फाशी आणि त्या धक्क्यातून वडिलांनी धरलेले पराकोटीचे सोवळे, येथून कथनास आरंभ होतो. पुढे लहरी, विसराळू, उदार आणि तापट असा कवी पती. त्याचे १८९५ मधील धर्मांतर. मग ताटातूट, दारिद्र्य आणि आप्तांची बोलणी. हे सारे लक्ष्मीबाई अशा सरळपणे सांगतात की वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की आपण एका यातनेला हसलो. हे हास्य साधते ते कशाने? एक तर त्या घटनेला आधी विशेषण लावीत नाहीत. घटना घडू देतात. दुसरे, स्वतःच्या अज्ञानाची, भाबडेपणाची फजिती त्या सांगतात, परंतु ती सांगणारी लक्ष्मीबाई त्या फजितीच्या पलीकडे पोचलेली आहे, हे प्रत्येक वाक्यात जाणवते. फजिती झाली ती एकीची. ती सांगण्याचे सामर्थ्य मिळविले तेही तिनेच. तिसरे, टिळकांविषयी बोलताना त्या राग लपवीत नाहीत आणि प्रेमही लपवीत नाहीत. त्यामुळे वाचकाला कोणा एकाचा उपहास करण्याची सवलत मिळत नाही. जात्यावरचा सखीसंबंध येथे छापील ग्रंथात आला आणि त्याला स्वतःचे नाव मिळाले.

हाच स्वर रंगमंचावर एकटीने उभे राहून बोलू लागला तो सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’ या १९८९ मधील एकपात्री प्रयोगात. हा प्रयोग विनोदी म्हणून ओळखला जात नाही. पण प्रेक्षकांशी थेट संवाद, मोजकी साधने, बोलीचा निःसंकोच वापर आणि अधूनमधून डोकावणारा मिस्कीलपणा, ही त्याची वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या निकट येतात. प्रयोगाचे शीर्षक हेच एक नाममुद्रा आहे. त्यात होकार आहे, प्रथमपुरुष आहे, स्त्रीचे नाव आहे, आणि तो होकार प्रमाण भाषेतील ‘होय’ नसून ‘व्हय’ आहे. तमाशातील स्त्रियांच्या जीवनावरील त्यांच्या ‘तिच्या आईची गोष्ट’नेही ज्यांच्याकडे केवळ पाहिले गेले त्यांना बोलते केले. स्टँडअपच्या मराठी अवताराला पूर्वपीठिका शोधावयाची तर ती पाश्चात्य नाइट-क्लबाइतकीच येथेही शोधली पाहिजे.

६

पाश्चात्य परंपरेकडे पाहिले तर तेथेही स्त्रीला आरंभी मुखवट्याचा आश्रय घ्यावा लागला, असे दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विनोदकार मॉम्स मेब्ली (१८९४–१९७५) या ऐन उमेदीतच दात पडलेल्या, ढगळ कपड्यांतील म्हातारीचे सोंग घेऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने काहीही बोललेले समाज खपवून घेतो. फिलिस डिलर यांनी १९५५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत व्यावसायिक पदार्पण केले. सैल झग्यांत आपली आकृती लपवून, ‘फँग’ नावाचा काल्पनिक नवरा उभा करून त्यांनी गृहिणीपणाची रेवडी उडविली. पण सर्वाधिक थट्टा केली ती स्वतःच्या कुरूपतेची, आणि ती कुरूपता बव्हंशी रचलेली होती. भारतात अदिती मित्तल यांनी ‘डॉक्टर मिसेस लुटचुके’ या वयोवृद्ध लैंगिक-सल्लागार बाईची भूमिका घडविली, तीत मेब्लींच्या म्हातारीचेच तत्त्व दिसते. त्याच मित्तल २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर प्रसारित झालेल्या आपल्या कार्यक्रमात स्वतःच्या नावाने स्त्रीच्या शरीरव्यवहारांविषयी मोकळेपणाने बोलल्या. मुखवटा आणि मुद्रा यांच्यामधला हा प्रवास एकाच कलावंतात पाहावयास मिळतो.

मुखवटा हा खोटेपणा नव्हे. ती तडजोड आहे. अधिक अवघड प्रश्न आत्मविडंबनाचा आहे. स्वतःच्या नावाने उभी राहिलेली स्त्री पहिल्या मिनिटात स्वतःचे वजन, रंग, वय, न जुळलेले लग्न यांवर विनोद करते. प्रेक्षक सैलावतो, तिला स्वीकारतो. टास्मानियासारख्या आडबाजूच्या बेटावर वाढलेल्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८ मध्ये सर्वत्र पोचलेल्या ‘नॅनेट’ या प्रयोगात याच युक्तीची चिकित्सा केली. जो आधीच कडेला लोटलेला आहे त्याने स्वतःला हसणे हा विनय नसून अवमान आहे, असे त्यांचे म्हणणे. विनोदाला आरंभ आणि कलाटणी एवढेच पुरते, तर गोष्टीला शेवटही लागतो. म्हणून विनोदात गोठवून ठेवलेला अनुभव अपुरा राहतो, असेही त्या प्रयोगात सांगितले आहे.

हे निदान मार्मिक आहे. तथापि त्यातून आत्मविनोदच वर्ज्य ठरत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःला हसूनही स्वतःचा अवमान केला नाही. फरक असा की, आत्मविडंबनात स्त्री स्वतःविषयीचा असा विनोद करते की जो पुरुषांच्या कट्ट्यावर आधीच तयार होता. ती फक्त तो आपल्या तोंडून वदविते. सही तिची, मजकूर दुसऱ्याचा. उखाण्यात तिचे चातुर्य दुसऱ्याच्या नावाकडे वळविले जात होते. येथे दुसऱ्याचे मत तिच्या नावावर चढविले जाते. म्हणून नुसते ‘मी’ म्हटल्याने आवाज अस्सल होत नाही. घडलेले मनापासून, प्रांजळपणे सांगितले तरीही पाहण्याची दृष्टी उसनी असू शकते. ज्या हास्याचा कोन तिच्या स्वतःच्या निरीक्षणातून निघाला, त्याच हास्याखाली तिची मुद्रा शोभते.

आणि मुद्रेची किंमतही असते. जुलै २०२० मध्ये मुंबईतील विनोदकार अग्रिमा जोशुआ यांच्या एका जुन्या कार्यक्रमातील, अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाविषयीच्या भाष्यावरून वाद उसळला. त्यांनी जाहीर क्षमा मागितली. ते भाष्य उचित होते की नव्हते, हा येथे विषय नव्हे. श्रद्धास्थानांवरून उसळणारा रोष पुरुष विनोदकारांच्याही वाट्याला येतो. परंतु त्यांना मिळालेल्या धमक्यांत बलात्काराच्या धमक्या होत्या, आणि अशा एका प्रकरणी वडोदऱ्यात एकास अटकही झाली. पुरुषाच्या बोलण्याची शिक्षा त्याच्या बोलण्यापुरती मागितली जाते. स्त्रीच्या बोलण्याची शिक्षा तिच्या देहाला मागितली जाते. नावाने बोलणे म्हणजे काय, याची सर्वांत कठोर व्याख्या अशा प्रसंगी मिळते. भारुडातील सून ज्या सुरक्षिततेत बोलत होती, ती सुरक्षितता या स्त्रीला नाही.

७

आता पुन्हा कन्नडकडे वळावयाचे. तेथील विद्यार्थिनीला मंच अजिबात नाही असे नव्हे. स्नेहसंमेलन आहे, गणेशोत्सव आहे, विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे. त्यात प्रहसन, नक्कल, लोककला यांच्या स्पर्धा असतात. तिच्या हातातील भ्रमणध्वनीवर मुंबई-पुण्याचे सर्व विनोदकार आहेत. अडचण आहे ती सरावाची. स्टँडअपमधील दहा मिनिटांचा मजकूर अनोळखी लोकांसमोर अनेकदा फसून मगच उभा राहतो. मुलाला हा सराव चहाच्या टपरीवर, पारावर, वसतिगृहाच्या गच्चीवर फुकट मिळतो. तेथे तो दहा वेळा पडतो आणि अकराव्या वेळी हशा मिळवितो. मुलीला तो मिळतो तो मैत्रिणींत, अर्थात् ओवीच्याच श्रोतृवर्गात. शहरातील प्रयोग रात्री संपतो आणि परतीच्या एस.टी.चा विचार तिला संहितेच्या आधी करावा लागतो. अस्सल आवाज सापडण्यासाठी आधी तो वारंवार चुकण्याची मुभा लागते. ही मुभा समप्रमाणात वाटलेली नाही.

दुसरी अडचण भाषेची. तिच्या बोलीचा हेल ऐकताच शहरी प्रेक्षक हसतो. विनोद अजून पुढेच असतो. हे हसू फुकटचे आहे आणि म्हणूनच घातक आहे. एकदा ते मिळाले की बोली हे बोलण्याचे साधन न राहता सोंगाचे लुगडे होते आणि भारुडातील पुरुषाने नेसलेले तेच लुगडे ती स्वतःच्या अंगावर चढविते. याच्या उलट, हसू टाळण्यासाठी तिने पुणेरी प्रमाण भाषा धरली तर निरीक्षणाची धारच बोथट होते. कारण नणंद-जावांचे, शेतातल्या सावडीचे, बाजाराच्या दिवसाचे तिचे सारे जग त्या बोलीत साठलेले आहे. घाटाखालच्या जळगाव परिसरातील बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) आपल्या बोलीत जीवनाची थट्टाही केली आणि तत्त्वचिंतनही केले. १९५२ मध्ये ती कविता ग्रंथरूपाने प्रकाशात आली तेव्हा कोणी तिच्या हेलाला हसले नाही. बोली ही तिथे विनोदाचा विषय नव्हती, विचाराचे माध्यम होती. कन्नडच्या विद्यार्थिनीपुढील काम हेच आहे : पहिला हशा हेलाला मिळाला तर तो जाऊ द्यावा आणि दुसरा हशा अर्थाला मिळेपर्यंत थांबावे.

या विवेचनातून स्त्रीच्या एकपात्री हास्यवाणीचे परीक्षण करताना विचारावयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. बोलणारी कोणाशी बोलते आहे : सखीशी, की तिला तोलणाऱ्या परीक्षकाशी? हसू कोणावर येते आहे : जाचावर, की जाच सोसणारीवर? आणि शेवटी नाव कोणाचे उरते? या तिन्हींची उत्तरे अनुकूल येतील तेथे आवाज अस्सल म्हणावा. मग तो मृदू असो, उद्धट असो, मुखवट्याआडून आलेला असो. जात्यावरील श्रोतृसंबंध, भारुडातील निर्भय यादी, उखाण्यातील हजरजबाबीपणा आणि ‘स्मृतिचित्रां’तील तटस्थ ममता, हे चारही गुण मराठी स्त्रीच्या वारशात आधीपासून आहेत. नवे आहे ते इतकेच की, अनोळखी आणि संमिश्र श्रोत्यांपुढे ते एका स्त्रीने, एकटीने आणि स्वतःच्या जबाबदारीवर वापरावयाचे आहेत.

कन्नडसारख्या गावी एखाद्या संध्याकाळी हे घडेल तेव्हा श्रोत्यांत तिची आई असेल, मावश्या असतील, आणि मागच्या रांगेत गावातील पुरुषमंडळीही असतील. आईला जो विनोद जुना, स्वयंपाकघरातला वाटेल, तो मागच्या रांगेला नवा वाटेल. दोन्ही रांगा एकाच वेळी, एकाच वाक्याला हसल्या, तर नाट्यशास्त्राने सांगितलेले परस्थ हास्य स्त्रीच्या ठिकाणी प्रथमच पूर्णार्थाने सिद्ध झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्यानंतर तिने आपले नाव सांगून खाली उतरावे. दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याची तेथे आवश्यकता उरलेली नसेल.